एकविसावा खण

(या घटनाक्रमातल्या वेळा भारतीय आहेत. १९ जुलै २०२४ ला सकाळी ९:३९ वाजता बिघाड सुरू झाला तेव्हा ऑस्टिनमध्ये रात्र होती, सिडनीत दुपार. ‘आधी’ म्हणजे त्या क्षणाच्या आधी.)

२८ फेब्रुवारी २०२४, बुधवार. १४२ दिवस आधी

क्राउडस्ट्राइक ही टेक्सासमधली कंपनी आपल्या ‘फाल्कन’ सेन्सरची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांसाठी खुली करते. सेन्सर हा प्रत्येक संगणकावर बसवलेला पहारेकरी. तो साध्या प्रोग्रॅमसारखा बाहेरच्या खोलीत राहत नाही. विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, ड्रायव्हर होऊन बसतो आणि संगणक सुरू होतानाच जागा होतो. चोर घरात शिरायच्या आधी पहारेकरी उठलेला असावा, एवढाच त्यामागचा हेतू. पण गाभ्यात बसणाऱ्याची एक जोखीम असते. बाहेरच्या खोलीतला प्रोग्रॅम कोसळला तर तेवढीच खिडकी बंद पडते. गाभ्यात कोणी चुकीच्या जागी हात घातला तर आणखी नासधूस होऊ नये म्हणून विंडोज सगळंच थांबवतं आणि निळा पडदा दाखवतं.

७.११ मध्ये पहारेकऱ्याला एक नवी नजर मिळाली. एकाच संगणकावरचे दोन प्रोग्रॅम आपापसांत बोलण्यासाठी ‘नेम्ड पाइप’ नावाची वाट वापरतात आणि हल्लेखोरही त्याच वाटेचा गैरवापर करतात. ती वाट तपासण्यासाठी कंपनीने एक साचा तयार केला. साच्याच्या व्याख्येत माहितीचे २१ रकाने होते. ती माहिती पुरवणारा कोड मात्र २०च देत होता.

पोस्टात पत्रं लावायची खणांची फळी असते, तसं समजा. कागदावर २१ खण लिहिले आहेत, सुताराने २०च केले आहेत. नियम वाचणारा शिपाई कागद प्रमाण मानतो. ‘पाचव्या खणात अमुक नाव आहे का बघ’ म्हटलं की तो पाचव्या खणात हात घालतो. ‘एकविसाव्यात काहीही असलं तरी चालेल’ असं म्हटलं तर तिथे बघायची गरजच नसते, म्हणून तो हात घालत नाही. एकविसावा खण अस्तित्वात नाही हे कळायचं तर कोणीतरी एकदा तरी ‘एकविसाव्यात नेमकं काय आहे ते बघ’ असं सांगायला हवं होतं.

सॉफ्टवेअरचं बिल्ड म्हणजे लिहिलेल्या कोडपासून ग्राहकाच्या हाती द्यायची वस्तू तयार करणं. हल्ली हे काम माणूस करत नाही. कोडमध्ये बदल झाला की यंत्रणा आपोआप बिल्ड करते, त्यावर चाचण्या चालवते आणि सगळ्या पास झाल्या तर हिरवा दिवा लावते. या नव्या साच्यासाठीही अशा स्वयंचलित चाचण्या होत्या. कंपनी सांभाळत असलेल्या विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीवर त्या चालत. त्यासाठी १२ ठरावीक चाचण्या निवडल्या होत्या, पुढे प्रत्यक्षात जे घडू शकेल त्याचा नमुना म्हणून. त्यांच्यासोबत द्यायची माहिती हाताने भरली होती, आणि प्रत्येक ठिकाणी एकविसाव्या रकान्यात वाइल्डकार्ड होतं. म्हणजे ‘काहीही चालेल’.

विकसनाच्या काळातल्या बिल्डवर बाराही पास झाल्या. रिलीजच्या बिल्डवरही पास झाल्या.

मी चाचण्या लिहिल्या आहेत. म्हणून या ओळीवर माझी नजर दर वेळी अडते. चाचणीला दहा रकाने भरायचे असतात, त्यातल्या तिनांशी आपलं काम असतं आणि उरलेल्या सातांत आपण हाताला येईल ते टाकतो. एका कामात मी तारखेच्या रकान्यात सगळीकडे १ जानेवारी भरली होती, आणि महिन्याच्या ३१ तारखेला हिशेब चुकायला लागला तेव्हा ते उघड झालं. भरतीचं म्हणून टाकलेलं हे मूल्य ‘इथे बघायचं नाही’ असा हुकूमच असतो, हे लिहिताना मनात येत नाही. त्या बारा चाचण्या लिहिणारा माणूस निष्काळजी असेल असं मला वाटत नाही. धोक्याची माहिती नीट वाहते का आणि इशारा वेळेवर मिळतो का, हे त्याने तपासलं. त्याचं लक्ष त्याच्या कामावर होतं.

५ मार्च, मंगळवार. १३६ दिवस आधी

साच्याची ताण-चाचणी होते. भार वाढवून तो टिकतो का हे बघितलं जातं आणि तो टिकतो. त्याच दिवशी या साच्यावर आधारलेला पहिला नियम ‘चॅनल फाइल २९१’ या फायलीतून जगभर जातो. काहीही बिघडत नाही. त्याच्याही एकविसाव्या रकान्यात वाइल्डकार्ड आहे.

इथे फाल्कनचे दोन रस्ते वेगळे समजून घ्यावे लागतात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर घडलं. सेन्सरचा कोड बदलला की तो बिल्डच्या वाटेने जातो. त्याच्या चाचण्या होतात, कंपनीच्या आतल्या यंत्रांवर तो आधी वापरला जातो, मग टप्प्याटप्प्याने बाहेर जातो. ग्राहक सावध असेल तर ‘मला एक आवृत्ती मागेच ठेवा’ असंही सांगू शकतो आणि अनेकांनी तसं सांगितलेलं होतं. धोक्याची ताजी लक्षणं मात्र दुसऱ्या वाटेने जातात, चॅनल फायलींमधून. हल्लेखोर थांबत नसतो, म्हणून ही वाट जलद ठेवलेली. तेव्हा तिथे नवं बिल्ड नव्हतं, टप्पे नव्हते, मागे राहायची सोय नव्हती. पाठवलं की सगळ्यांना. तिथला एकमेव नाकेदार होता ‘कंटेंट व्हॅलिडेटर’ हा तपासणारा प्रोग्रॅम.

आणि या व्हॅलिडेटरच्या हाती साच्याचा कागदच होता. कागदावर २१ रकाने, म्हणून सेन्सर २१ गोष्टी पुरवणार असं तो धरून चालला होता.

८ ते २४ एप्रिल

आणखी तीन नियम त्याच वाटेने जातात आणि तिन्ही सुरळीत चालतात. शेवटच्या नियमानंतर ८६ दिवस त्या साच्यात नवं काही जात नाही. एव्हाना सगळ्यांच्या मनात साचा भरवशाचा ठरला आहे. ताण-चाचणी झाली, चार नियम गेले, तक्रार नाही. व्हॅलिडेटरने पास केलेला नियम पाठवण्याआधी एखाद्या खऱ्या विंडोज संगणकावर चालवून बघायची पायरी मधे नाही.

१९ जुलै, शुक्रवार. पहाटे ३:२६. सहा तास तेरा मिनिटं आधी

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडचा अमेरिकेच्या मध्यभागातला विभाग अडखळायला लागतो. फ्रंटियरसारख्या काही विमान कंपन्यांचं काम थांबतं. याचा क्राउडस्ट्राइकशी काहीही संबंध नाही. पण या योगायोगामुळे पुढचे कित्येक तास अर्धं जग चुकीच्या ठिकाणी दोष शोधत राहिलं. आपल्याकडेही दिवसभर ‘मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर डाऊन’ हेच शब्द तोंडोतोंडी होते.

सकाळी ९:३९

दोन नवे नियम चॅनल फाइल २९१ मधून निघतात. व्हॅलिडेटरने दोन्ही तपासले आहेत आणि दोन्ही पास केले आहेत. त्यांपैकी एकाच्या एकविसाव्या रकान्यात, पहिल्यांदाच, वाइल्डकार्ड नाही. तिथे नेमकं काय आहे ते बघ, असं लिहिलं आहे.

ऑस्टिनमध्ये गुरुवारची रात्र, ११ वाजून ९ मिनिटं. लंडनमध्ये पहाटेचे पाच. सिडनीत शुक्रवारची दुपार, कामाचे शेवटचे काही तास. मुंबई-पुण्यात कचेऱ्या भरायला लागल्या आहेत. जे संगणक चालू आहेत, इंटरनेटला जोडलेले आहेत आणि ज्यांच्यावर ७.११ किंवा त्यानंतरचा सेन्सर आहे, ते ही छोटीशी फाइल उतरवून घेतात. कोणाची परवानगी लागत नाही. ‘एक आवृत्ती मागे ठेवा’ म्हणणाऱ्यांनाही ती मिळते.

९:३९ नंतरची पहिली मिनिटं

नेम्ड पाइपची पुढची हालचाल होते. सेन्सर नवा नियम वाचतो आणि एकविसाव्या खणात हात घालतो. तिथे खण नाही. वीस खणांच्या पुढे स्मृतीचा जो भाग आहे तो दुसऱ्याच कशाचा तरी आहे, किंवा कशाचाच नाही. कर्नलमध्ये अवैध जागेचं वाचन झालं म्हणून विंडोज थांबतं. निळा पडदा.

संगणक स्वतःहून पुन्हा सुरू होतो. सेन्सर सुरुवातीलाच जागा होणारा असल्यामुळे तोही उठतो, तीच फाइल वाचतो, त्याच खणात हात घालतो. पुन्हा निळा पडदा. काही संगणकांवर या चक्राच्या मधल्या फटीत इंटरनेट जोडलं जातं आणि पुढे दुरुस्त फाइल वेळेत उतरते, म्हणून ते काही वेळा पडून आपोआप सावरतात. बहुतेकांना तेवढी फट मिळत नाही.

१०:०० ते १०:५७

ऑस्ट्रेलिया जागा होता, म्हणून पहिला मार तिथे बसला. वूलवर्थ्सच्या दुकानांत बिलाची यंत्रं बंद पडली, एबीसी या वाहिनीच्या वार्ताकक्षात पडदे निळे झाले, विमानतळांवर रांगा लागल्या. लंडनमध्ये स्काय न्यूजला सकाळचं थेट प्रक्षेपण करता आलं नाही.

१०:५७ ला क्राउडस्ट्राइकने फाइल मागे घेतली आणि दुरुस्त फाइल सोडली. चुकीची फाइल बाहेर होती तो काळ ७८ मिनिटांचा. बिघाड ओळखून दीड तासाच्या आत पावलं उचलली हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं. अनेक कंपन्यांना एवढ्या वेळात जबाबदार माणूसही फोनवर सापडत नाही. पण जो संगणक सुरूच होत नाही त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचवायची कशी? मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या दिवशी अंदाज दिला: ८५ लाख विंडोज संगणक. जगातल्या एकूण विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहून कमी. पण ते संगणक कुठे होते ते बघा. महागडी सुरक्षाप्रणाली विकत घेणारे कोण असतात? विमान कंपन्या, रुग्णालयं, बँका, आणीबाणीचे दूरध्वनी कक्ष. चुकायला ज्यांना अजिबात जागा नव्हती तेच.

११:०० ते दुपार, भारत

इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्स्प्रेस यांच्या चेक-इनच्या खिडक्यांवरचं काम हाताने करावं लागलं. बोर्डिंग पास हाताने लिहून देण्यात आले. नाव, उड्डाणाचा क्रमांक, आसन, निळ्या बॉलपेनने. त्या कागदाचे फोटो दुपारपर्यंत घराघरांत पोहोचले आणि बऱ्याच जणांना त्यांची गंमत वाटली. मला ते फोटो बघून खिडकीमागच्या मुलामुलींची आठवण येत राहिली. समोर शेकडो माणसांची रांग, पडद्यावर यादी नाही, आणि प्रत्येकाच्या प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर. इंडिगोची जवळपास दोनशे उड्डाणं रद्द झाली.

राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या जाळ्यावर परिणाम नाही असं माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांनी सांगितलं. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेने ‘गंभीर’ दर्जाची सूचना काढली. रिझर्व्ह बँकेने आढावा घेतला तेव्हा दहा बँका आणि बिगरबँक वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाल्याचं दिसलं. आपण कमी भरडलो. त्याचं मोठं कारण म्हणजे आपल्या बँकांपैकी मोजक्याच ही प्रणाली वापरत होत्या.

दुपारी ३:१५ च्या सुमारास

क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ एक्सवर निवेदन देतात: हा सायबर हल्ला नाही, दोष सापडला आहे, दुरुस्ती सोडली आहे. त्या निवेदनात माफी नव्हती, म्हणून टीका झाली. नंतर दूरचित्रवाणीवर येऊन त्यांनी माफी मागितली.

जुन्या लोकांना या वेळी २१ एप्रिल २०१० आठवला. त्या दिवशी मॅकॅफी या विषाणूविरोधी कंपनीची एक दैनंदिन लक्षण-फाइल बाहेर गेली, आणि विंडोज एक्सपीतली svchost ही अत्यावश्यक फाइल विषाणू समजून काढून टाकली गेली. जगभर संगणक बंद पडले. तेव्हाही प्रोग्रॅमचं बिल्ड बदललं नव्हतं, बदलली होती ती फक्त माहिती. आणि एक्सपीची जी आवृत्ती घायाळ झाली तिची त्या उत्पादनाशी असलेली जोडी चाचणीच्या यंत्रांत नव्हती. कर्ट्झ तेव्हा मॅकॅफीचे तंत्रज्ञान-प्रमुख होते. एका माणसावर बोट ठेवायला मी ही आठवण सांगत नाही. चौदा वर्षांत आमच्या धंद्याने कोडच्या चाचणीसाठी अफाट कष्ट घेतले, बिल्डच्या यंत्रणा उभारल्या, रात्रंदिवस चाचण्या चालवल्या. आणि कोडला कसं वागायचं ते सांगणारी माहिती मात्र ‘नुसती फाइल’ म्हणून मागच्या दाराने जातच राहिली. पडला तो संगणक माहितीने पडला की कोडने, याने रांगेतल्या माणसाला काय फरक पडतो?

संध्याकाळ ते मध्यरात्र

अमेरिका उठते ती निळ्या पडद्यांकडे बघत. युनायटेड, डेल्टा आणि अमेरिकन या तिन्ही मोठ्या विमान कंपन्यांची उड्डाणं काही काळ जमिनीवर रोखली गेली. अलास्कात ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाचे दूरध्वनी काही ठिकाणी लागत नव्हते. बॉस्टनच्या मास जनरल ब्रिगहॅम या रुग्णालय-समूहाने त्या दिवशीच्या तातडीच्या नसलेल्या सगळ्या शस्त्रक्रिया आणि भेटी रद्द केल्या. जर्मनीत कील आणि ल्यूबेकच्या विद्यापीठ रुग्णालयातही ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. ब्रिटनमध्ये डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येत नव्हत्या. शस्त्रक्रियेसाठी रात्रीपासून उपाशी राहिलेल्या, मन घट्ट करून आलेल्या माणसाला ‘आज नाही’ हे ऐकावं लागलं. पुढे ५४० कोटी डॉलर हा आकडा आला, अमेरिकेतल्या ५०० सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या नुकसानीचा, एका विमा-विश्लेषण संस्थेने काढलेला. त्या उपाशी माणसाचा हिशेब त्यात नाही.

आणि दुरुस्तीचं काम सुरू झालं होतं. ते दूरवरून होत नव्हतं. प्रत्येक संगणकापाशी जायचं, तो सेफ मोडमध्ये सुरू करायचा, विंडोजच्या ड्रायव्हर्समधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमधली २९१ क्रमांकाची फाइल पुसायची, पुन्हा सुरू करायचा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली हाताने टाइप करायची. कित्येक ठिकाणी या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तोही निळा पडला होता. अझ्युरवरच्या आभासी यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टचा सल्ला होता की पुन्हापुन्हा सुरू करून बघा, काहींना पंधरा वेळा करावं लागलं. ज्यांचं नाव कुठेच छापून येत नाही असे आयटी विभागातले लोक शिड्या घेऊन विमानतळांच्या छताजवळच्या पडद्यांमागे गेले, तळघरातल्या यंत्रांपाशी गेले, शनिवार-रविवार जागले. एक यंत्र, ४८ अंक, एक फाइल, पुढचं यंत्र.

२० जुलै, शनिवार. पहाटे ३:००

भारतातल्या विमानतळांवरच्या विमान कंपन्यांच्या यंत्रणा या वेळेपासून सुरळीत झाल्याचं नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी सांगितलं. डेल्टाला मात्र सावरायला एकूण सुमारे पाच दिवस लागले. त्यांचे कर्मचारी कुठे आहेत याचा हिशेब ठेवणारी यंत्रणाच मागे पडली होती. त्या काळात सुमारे सात हजार उड्डाणं रद्द झाली.

२४ जुलै ते ६ ऑगस्ट

२४ जुलैला कंपनीचा प्राथमिक अहवाल आला, ६ ऑगस्टला मूळ कारणांचा सविस्तर अहवाल. एकवीस रकाने आणि वीस गोष्टी, बारा चाचण्या, प्रत्येकीतलं वाइल्डकार्ड हे सगळं त्यांनी स्वतः त्यात लिहून ठेवलं आहे. रकान्यांचा हा फरक बिल्डच्या आणि चाचण्यांच्या अनेक थरांतून निसटला, सेन्सरच्या रिलीज-चाचण्यांतून, ताण-चाचणीतून आणि पहिल्या चार नियमांतूनही, असं ते सरळ सांगतात. इतक्या मोकळेपणाने लिहिलेला अहवाल आमच्या धंद्यात विरळा. चाचण्या लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

२५ जुलैला सेन्सरच्या नियम वाचणाऱ्या भागात एक तपासणी घातली गेली. हात घालण्याआधी खण आहे का ते बघायचं. चॅनल फायली यापुढे टप्प्याटप्प्याने पाठवायच्या आणि ग्राहकाला त्यांच्यावर ताबा द्यायचा असंही ठरलं. प्रत्येक रकान्यात वाइल्डकार्ड नसलेल्या चाचण्या वाढवल्या.

साच्यात जाहीर केलेले रकाने आणि प्रत्यक्ष पुरवलेल्या गोष्टी यांची संख्या कोड संकलित होतानाच जुळवून बघणारी दुरुस्ती १९ जुलैलाच, त्याच शुक्रवारी, लिहून झाली होती. २७ जुलैपासून ती बिल्डमध्ये आहे. कागदावर एकवीस आणि फळीवर वीस असतील, तर बिल्ड तिथेच थांबतं.